लेकरू ट्रेनिंगला गेलं, आता आईवडिलांच्या तब्येतीचं काय?



भरतीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटतात. चौकात फ्लेक्स लागतो, पोराला हार घालून, गुलाल उधळून उघड्या जीपमधून मिरवतात. मग एके दिवशी पहाटे तो काळी ट्रंक घेऊन गाडीत बसतो. कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातो, कुणी नाशिक रोडला तोफखान्यात, कुणी अहिल्यानगरला रणगाड्यांकडे, तर कुणी पार ओडिशात आयएनएस चिल्काला. चौकातला फ्लेक्स अजून उतरलेला नसतो आणि त्याच फ्लेक्सखालून त्याची आई दवाखान्यात येते. छातीत धडधडतंय, झोप लागत नाही, घास उतरत नाही.

"घरात काही टेन्शन आहे का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "टेन्शन कसलं डॉक्टर, पोरगा मिलिटरीत लागला की!"

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अभिमान आणि दुःख ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यात कितीही भरणा केला तरी दुसऱ्या खात्यातली उधारी फिटत नाही. "वीरमाता कधी रडत नसते" हे वाक्य सत्कारात, भाषणात आणि नातेवाइकांच्या बैठकीत बायांच्या तोंडावर फेकणं आपण बंद केलं पाहिजे. मी हे भावनेच्या भरात म्हणत नाही. त्या वाक्याची किंमत रक्तदाबात, साखरेत आणि झोपेच्या गोळ्यांत मोजावी लागते, म्हणून म्हणतोय.

पहाटे चार वाजता उठणारं घर

तुमच्या घरातली गेली दोन-तीन वर्षं आठवा. भरतीची तयारी एकटा पोरगा करत नाही, अख्खं घर करतं. सोळाशे मीटर धावायचं म्हणून तो चारला उठणार, तर आई पावणेचारला उठणार. रात्री हरभरे भिजत घालायचे, सकाळी अंडी उकडायची, दूध तापवायचं, परत आल्यावर त्याचे पाय शेकायचे. बाप धंद्यावर जाताना त्याला अकॅडमीत सोडणार. घराचं घड्याळ त्याच्या बुटांच्या नाडीला बांधलेलं असतं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही आईला पावणेचारला जाग येते. फक्त आता काम काहीच नसतं.

यात शरीराचा भाग मोठा आहे. झोपेचं आपलं आतलं घड्याळ सवयीवर चालतं, ते एका रात्रीत बदलत नाही. शिवाय पहाटेच्या सुमाराला शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक नैसर्गिकरीत्या चढू लागतं. दिवसाच्या कामाला आपल्याला तयार करणं हा त्याचा हेतू. पण काम नसलेल्या, अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाला त्या वेळी सगळ्या काळज्या आहेत त्याच्या तिप्पट मोठ्या दिसतात. तो जेवला असेल का, थंडीत गार पाण्यानं अंघोळ करत असेल का, पाय मुरगळला तर सांगेल का. विचार चालू झाले की ॲड्रिनलीन वाढतं, नाडी जलद होते, धडधड जाणवते. मग त्या धडधडीचीच भीती वाटते आणि ती आणखी वाढते. या चक्राला नाव ठेवायचं कारण नाही, पण ते तोडावं लागतं. पावणेचारला जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, दिवा लावा, काहीतरी हाताचं काम करा, आणि दिवसा कितीही पेंग आली तरी लांब झोप काढू नका. उठायची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी पुढे ढकला. चहा दुपारी तीननंतर नको. हे साधं वाटतं, पण झोपेच्या गोळीपेक्षा जास्त टिकतं.

गोळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शेजारणीच्या पाकिटातली "अर्धी गोळी" घेऊ नका. त्या बऱ्याचदा अल्प्राझोलामच्या जातीच्या असतात. झोप लागते हे खरं, पण काही आठवड्यांत त्याशिवाय लागेनाशी होते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीही लक्षात ठेवायला हवी. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना आई साधारण चाळीस ते पन्नास या वयात असते. म्हणजे पाळी जाण्याचा काळ, थायरॉइडच्या तक्रारींचा काळ, रक्तदाब पहिल्यांदा सापडण्याचा काळ. घाम फुटणं, धडधड, चिडचिड, झोप न येणं हे सगळं त्यातही होतं. "पोरगा गेल्यामुळं होतंय" म्हणून सगळं मनावर ढकलू नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एक ईसीजी एवढं तरी करून घ्या. आणि छातीत दाब येऊन दुखलं, ते खांद्याकडे, जबड्याकडे गेलं, दम लागला, तर "मनाचं आहे" असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, थेट रुग्णालयात जा. तीव्र मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता फुगून दुबळा पडतो असा एक आजार खराच आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' असं नाव दिलं. तो सर्वांत जास्त पाळी गेलेल्या बायकांत आढळतो आणि सुरुवातीला हार्ट ॲटॅकपासून वेगळा ओळखू येत नाही. तपासण्या केल्याशिवाय घरबसल्या निकाल लावायचा हा विषय नव्हे.

जिवंत माणसाचं दुःख

"मेलाय का कुणी घरात, तू अशी बसलीयस ती?" हा प्रश्न सासरची माणसं विचारतात. प्रश्न कठोर आहे, पण त्यात एक खरी अडचण दडलेली आहे. आपल्याकडे मरणाच्या दुःखाला रीत आहे. दहावा आहे, तेरावा आहे, लोक भेटायला येतात. लग्न होऊन मुलगी जाते तेव्हाही बिदाईच्या वेळी रडायची सोय आहे. उलट कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्या आईलाच लोक नावं ठेवतात. पोरगा ट्रेनिंगला जातो तेव्हा मात्र रीत फक्त गुलालाची. रडण्यासाठी जागाच ठेवलेली नाही.

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि माणूस आहे पण समोर नाही, अशा धूसर दुःखाचा विचार मांडला. तुमचा मुलगा बेपत्ता नाही, तो सुखरूप आहे, रोज भरपेट जेवतो आहे. तरीही ताट चार वाढायचं की तीन, या प्रश्नापाशी हात अडखळतो तो याच जातीच्या दुःखानं. त्याला नाव असलं की निदान आपण वेडे झालो नाही एवढं तरी कळतं.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती १९४४ सालची एक नोंद. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी शोकावर एक निबंध लिहिला, जो आजही वैद्यकशास्त्रात वाचला जातो. निबंध मुख्यतः माणसं गमावलेल्यांवर आहे, पण त्यात सैन्यात गेलेल्यांच्या घरच्यांचाही उल्लेख येतो. काही घरांत माणूस जिवंत असतानाच घरच्यांनी मनात त्याचं मरण, त्यानंतरचं आपलं आयुष्य, सगळं आधीच जगून घेतलेलं होतं. आघाडीवरून परत आलेला एक सैनिक तक्रार करत होता की बायकोचं आता आपल्यावर प्रेम राहिलेलं नाही, तिला ताबडतोब घटस्फोट हवाय. तिनं शोक इतका पूर्ण केला होता की जिवंत परतलेल्या नवऱ्याला जागा उरली नव्हती.

हे मी का सांगतोय? कारण आज हा आगाऊ शोक मोबाइलवर चोवीस तास फुकट मिळतो. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, ज्यांची मुलं नुकती केंद्रात पोहोचली होती असे आईबापही टीव्हीसमोरून हलत नव्हते. अहो, प्रशिक्षण चालू असलेल्या रिक्रूटला सीमेवर उभं करत नाहीत. हे डोक्याला माहीत असतं, पण चॅनेलवरचा भोंगा डोक्याशी बोलतच नाही. बातम्या दिवसातून एकदा, वाचून घ्या. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्याचा आवाज बंद ठेवा. "अमुक केंद्रात एक पोरगा चक्कर येऊन पडला" असा निरोप तिथं येतो, तो कुणाचा, कधी, कुठं, काही कळत नाही, आणि चाळीस घरांतल्या चाळीस आया रात्रभर जाग्या राहतात.

नवस बोला, पण पायात चप्पल घालून

आता थोडं अवघड बोलतो, कारण हा श्रद्धेचा विषय आहे आणि मला श्रद्धेशी भांडायचं नाही. "पोराचं ट्रेनिंग पुरं होईपर्यंत चप्पल घालणार नाही" असं बोललेल्या बाया आमच्या भागात सापडतात. सोमवार, गुरुवार, शनिवार असे कडक उपास धरलेल्याही सापडतात. मधुमेह नसेल, वय बरं असेल, तर मी काही म्हणणार नाही. पण ज्यांना दहा वर्षांचा मधुमेह आहे, पायाला बधिरपणा आहे, त्यांनी अनवाणी चालायचं म्हणजे काटा रुतलेला कळणारही नाही. जखम चिघळल्यावर कळतं. आणि साखर उतरवणारी गोळी घेऊन निरंकार उपास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चक्कर, थरथर, बेशुद्धी, काहीही होऊ शकतं.

काहीतरी सोडायचंच असेल तर मिशरी सोडा. देवाला चालेल, मला तर फारच चालेल.

बापाचं काय?

आई निदान दवाखान्यात येते. बाप येत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच जास्त वाटते. तो रडत नाही, बोलत नाही, फ्लेक्सचे पैसे देतो, पाहुण्यांना चहा पाजतो. नंतर रानात जास्त वेळ थांबायला लागतो. संध्याकाळी क्वचित घेणारा रोज घ्यायला लागतो. बारीकसारीक कारणावरून बायकोवर, धाकट्यावर खेकसतो. पुरुषांमध्ये उदासपणा पुष्कळदा डोळ्यांतल्या पाण्याऐवजी अशा चिडण्यातून आणि पिण्यातून बाहेर पडतो.

त्याच्या डोक्यात हिशेबही चालू असतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होणार. म्हणजे पोरगा आज गेला याची हुरहुर आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आला तर पुढं काय ही धास्ती, दोन्ही एकाच वेळी. ही योजना चांगली की वाईट यावर इथं बोलत नाही. पण "लागला एकदाचा, सुटलो" असं म्हणायची सोय जी पूर्वीच्या बापाला होती ती आजच्या बापाला नाही, एवढं लक्षात घ्या. त्याच्याशी बोलायचं असेल तर समोर बसवून "काय होतंय तुम्हाला" विचारू नका, तो उठून जाईल. गाडीवर मागं बसून, गोठ्यात धार काढताना, हाताला काम असताना विषय काढा. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराकडे किंवा हवालदाराकडे चहाला घेऊन जा. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या, घरटी माणूस फौजेत असलेल्या गावांना ही सोय आपसूक मिळते. तिथं पोरगा गेलेला बाप एकटा नसतो. बाकीच्यांना ती मुद्दाम करून घ्यावी लागते.

रविवारचा फोन

ट्रेनिंगमध्ये मोबाइल बहुतेक वेळ जमा असतो. आठवड्यातून थोडा वेळ मिळतो, कधी तोही नाही. त्यामुळं ठरलेल्या वेळी फोन आला नाही म्हणजे काही वाईट घडलं असं समजू नका. काही वाईट घडलं तर केंद्र स्वतः कळवतं. शांतता म्हणजे बहुतेक वेळा पोरगा झोपलेला असतो.

पहिल्या काही आठवड्यांत तो फोनवर रडेल. "मला न्यायला या" म्हणेल. यावर घरात दोन टोकाची उत्तरं मिळतात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. आई म्हणते, "ये बाबा निघून, खाऊ अर्धी भाकरी." बाप म्हणतो, "पळून आलास तर तोंड दाखवू नकोस." पहिल्या उत्तरानं त्याचे पाय डळमळतात. दुसरं त्याहून वाईट, कारण ते त्याच्यामागं घराचं दार लावून घेतं. ज्याला पुढंही जाववत नाही आणि मागंही जाता येत नाही असं वाटतं, तो मुलगा धोक्यात असतो. मधलं उत्तर साधं आहे. "घर इथंच आहे, कुठं जात नाही. आजचा दिवस काढ, रविवारी परत बोलू." घरची आठवण सुरुवातीला जास्त छळते आणि मित्र जमले, अंग सरावलं की बहुतेकांची ओसरत जाते.

"कसा आहेस" विचारलं की "बराय" एवढंच येतं. त्यापेक्षा शेजारच्या खाटेवर कोण आहे, कुठल्या गावचा, जेवणात आज काय होतं, बूट चावतात का, असं विचारा. आणि पायाचं जरूर विचारा. नव्या रिक्रूटांचे पाय सुजून दुखतात हे १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लिहून ठेवलंय. तेव्हा एक्स-रे नव्हता. पुढं कळलं की हाडाला बारीक तडा जातो. नडगीच्या हाडावर किंवा पावलावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि धावलं की वाढत असेल, तर त्यानं ते लपवता कामा नये, तिथल्या डॉक्टरांना दाखवायला हवं. कोर्स मागं पडेल या भीतीनं मुलं लपवतात, आणि तड्याचा पुरता मोड होतो. दुखण्याच्या गोळ्या लाडूच्या डब्यात घालून पाठवणाऱ्या पालकांना हात जोडून सांगतो, असं करू नका. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

एक सीमारेषा मात्र पक्की ठेवा. "घरची आठवण येते" आणि "जगावंसं वाटत नाही" ही दोन वाक्यं एका मापाची नाहीत. दुसरं ऐकलं तर उपदेश करू नका, रविवारची वाट बघू नका. फोन चालू ठेवा, तो एकटा आहे का विचारा, आणि त्याच्या कंपनीच्या ऑफिसला किंवा उस्तादांना लगेच कळवा. तो नंबर पहिल्याच आठवड्यात मागून भिंतीवर लिहून ठेवलेला असावा.

त्याला कळवायचं की नाही?

आजी गेली, बापाला ॲटॅक आला, तर "त्याला सांगू नका, लक्ष विचलित होईल" असा घराघरांतला ठराव असतो. हेतू चांगला आहे. तरीही मी या ठरावाच्या विरोधात आहे. पोरगा तुमचे शब्द ऐकत नाही, तुमचा आवाज ऐकतो. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतंच, आणि मग तो खऱ्यापेक्षा भयंकर काहीतरी कल्पनेनं उभं करतो. सुट्टीवर आल्यावर भिंतीवर आजीचा हार घातलेला फोटो दिसतो, आणि त्या दिवसापासून "घरी सगळं ठीक आहे" या वाक्यावरचा त्याचा विश्वास उडतो. पुढं पंधरा-वीस वर्षं, खरोखर सीमेवर असताना, त्याला याच वाक्याच्या आधारावर झोपायचं असतं. तो विश्वास ट्रेनिंगमध्येच खर्च करून टाकू नका. गुडघे दुखतात, म्हैस आटली, हे रोज सांगायची गरज नाही. मरण आणि मोठं आजारपण मात्र कळवा, शक्यतो त्याच्या अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे ऐकताना जवळ कुणीतरी असेल. सुट्टी द्यायची की नाही ते केंद्र ठरवेल. आणि उलट बाजूनं, सुट्टीसाठी "आई सिरियस" हा जुना प्रयोगही नको. तारखातं २०१३ साली बंद झालं, ती सवयही त्याच्यासोबत जायला हवी होती.

मुलींच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली, सतरा जणींची तुकडी बाहेर पडली. त्यांच्या पालकांना वरच्या सगळ्याबरोबर "मुलीला कशाला पाठवलंत" हा प्रश्नही झेलावा लागतो. त्याला प्रत्येक वेळी उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. उत्तर न देणं हाही तब्येत सांभाळण्याचाच भाग आहे.

आता किती दिवसांत बरं वाटायला हवं, हे सगळेच विचारतात. पहिले काही आठवडे जड जातात. हळूहळू भूक येते, झोप सुधारते, चार दिवसांतून एखादा दिवस पूर्ण बरा जातो. पण सलग दोन आठवडे, बहुतेक सगळे दिवस, कशातच रस वाटत नाही किंवा मन उदास, निराश राहतं, असं असेल तर ते पोराच्या आठवणीच्या पलीकडे गेलंय. डॉक्टरांना भेटा. औषध लागलंच तर आजच्या उदासीवरच्या औषधांची झोपेच्या गोळीसारखी सवय लागत नाही, मात्र ती मनानं एकदम बंद करायची नसतात. दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र आजच्या आज बोला, दोन आठवडे मोजत बसू नका.

शेवटी पहिल्या सुट्टीबद्दल. काही केंद्रांत कसम परेडला आईवडिलांना बोलावतात, गौरव पदक देतात. जमेल तसं जा, पैसे उसने घ्यावे लागले तरी जा. तिथं भेटणारा पोरगा काळवंडलेला, वजन उतरलेला, आवाज बदललेला असेल. घरी आल्यावर तो दोन दिवस नुसता झोपेल, जेवताना पाच मिनिटांत ताट रिकामं करेल, तुमच्याऐवजी फोनवर नव्या मित्रांशी तासभर बोलेल. तो तुम्हाला विसरलेला नाही. झोपू द्या. पाहुण्यांची रांग आणि सत्कार तिसऱ्या दिवसानंतर ठेवा. सुट्टी संपून तो परत निघेल तो दिवस पुष्कळ आयांना पहिल्यापेक्षाही जड जातो, कारण या वेळी गुलालही नसतो. त्या आठवड्यात रक्तदाब एकदा तपासून घ्या, आणि दोघांनी एकत्र या.